खरं क्षितिज कुठलं?

मित्रहो, झरी जामणीच्या आकाशातून विमानं नुसती जातात, इथे उतरत नाहीत. तरी आजचा विषय आम्ही मुद्दाम विमानाचा घेतला. ‘आपल्याला जे कळतं ते खरं कशावरून?’ हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न तिथे थेट जिवावर बेततो.

१ जानेवारी १९७८. रात्री आठनंतर एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ मुंबईहून दुबईला निघालं आणि जमीन सोडल्यावर अवघ्या १०१ सेकंदांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं, एकही वाचलं नाही. आम्ही तेव्हा विद्यार्थी होतो. वसतिगृहात एकच बोलणं, घातपात! पण स्फोटाचा पुरावा काही मिळाला नाही.

झालं होतं ते असं. समुद्रावर आल्यावर विमान उजवीकडे वळलं आणि मग सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र, उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. म्हणून कॅप्टननं विमान डावीकडे झुकवलं. यंत्र हलेना, आणखी झुकवलं. पंख विमानाला उचलतात ते पंखांच्या काटकोनात. विमान नव्वद अंश कललं की ती उचल आडवी जाते, खालून आधार उरत नाही. इथे तर कल १०८ अंशांपर्यंत गेला.

तुम्ही म्हणाल, एवढं कललेलं अंगाला कळू नये? लहानपणी स्वतःभोवती गरगर फिरून थांबलात की जग उलटं फिरायचं, आठवतं ना? कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांतला द्रव हलला की वळण कळतं. वळण संथ असलं तर कळतच नाही, आणि फार वेळ चाललं तर द्रव स्थिरावतो, मग सरळ असतानाच कलल्यासारखं वाटतं. दिवसा डोळे ही चूक सुधारतात. त्या रात्री पुढे काळा समुद्र आणि काळं आकाश, क्षितिज नव्हतंच.

यंत्रं एकूण तीन होती. सहवैमानिकानंही आपलं यंत्र बिघडल्याचं म्हटलं. बहुधा त्याचं बरोबर होतं, पण दोन साक्षी जुळेनात तेव्हा त्याला आपलीच खोटी वाटली. फ्लाइट इंजिनिअरनं तिसऱ्याकडे लक्ष वेधलं, तोवर वेळ सरली होती.

चौकशीनं कॅप्टनच्या हालचालींना ‘अविवेकी’ म्हटलं. हा शब्द आम्हाला पटत नाही. समोर जे दिसत होतं त्याला धरूनच तो वागला. चुकलं ते दुसऱ्या साक्षीशी ताडून न पाहणं. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाध येईपर्यंत खरं धरा. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून तपासावं लागतं. कॅप्टन मीमांसकासारखा वागला, आणि बाध पुढ्यात असूनही ओळखला गेला नाही.

नियंत्रण सुटण्याचा दुसरा मोठा प्रकार वेगळा आहे. २००९ साली एअर फ्रान्सचं ४४७ अटलांटिकवर गेलं, २२८ माणसांसकट. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ जमला, वेगाचे आकडे बिघडले, आणि वैमानिकानं नाक वर खेचून धरलं. हवा पंखांना धरून वाहायची थांबली की विमान पडतं. तेव्हा नाक खाली करायचं असतं. पडताना नाक खाली करायचं, हे मनाला पटत नाही, म्हणून आता वैमानिकांकडून ते सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा घोटून घेतात.

बरं, मागे बसलेल्यांचा हात वर दिसतोय. विचारा.