पॅप टेस्टमध्ये ‘सूज’ आली? पपई-अननसाच्या एन्झाइमआधी कारण शोधा

सूरत : लिंबायत, उधना, डिंडोली भागात खान्देशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. घरातल्या बाईच्या पॅप टेस्टच्या रिपोर्टवर ‘इन्फ्लमेटरी स्मीअर’ असं लिहून आलं, की कुणी थेट कॅन्सरच समजतं, तर कुणी पपई-अननसाच्या एन्झाइमची गोळी सुचवतं. दोन्हींत घाई आहे.

‘इन्फ्लमेटरी’ म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडावरील पेशींना सूज. हा कॅन्सरचा निकाल नव्हे. आणि ‘पॅप’चा पपईशी काही संबंध नाही, ही तपासणी शोधणारे डॉक्टर पापानिकोलाउ यांच्या नावावरून तो शब्द आला.

मग एन्झाइमचं काय? कच्च्या पपईच्या चिकात पपेन असतं, अननसात ब्रोमेलेन. दोन्ही प्रथिनांचे तुकडे करतात. म्हणूनच कच्च्या पपईने मटण लवकर शिजतं. औषधातही त्यांना जागा आहे. ऑपरेशन किंवा मार लागल्यानंतरच्या सुजेवर ब्रोमेलेन असलेल्या गोळ्या देतात. भाजलेली मृत त्वचा काढणाऱ्या ब्रोमेलेनच्या जेलला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

गर्भपिशवीच्या तोंडाची सूज मात्र वेगळी. ती बऱ्याचदा क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास अशा संसर्गाने येते. त्यावर नेमकं औषध लागतं, बऱ्याचदा नवऱ्यालाही. एन्झाइमची गोळी हे जंतू मारत नाही, आणि कॅन्सरला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणूही घालवत नाही. गोळीने दुखणं थोडं कमी झालं, तरी मूळ कारण तसंच राहतं.

पपईचा चीक किंवा रस आतून लावणं तर टाळाच. पपेनमुळे तीव्र ॲलर्जी होऊ शकते. त्याच कारणाने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये जखमेवर लावायची पपेनची विनामान्यता औषधं बंद करायला लावली. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर एन्झाइमची गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पिकलेली पपई खायला हरकत नाही. ते फळ आहे, उपचार नाही.

तपासणीचं मोल आपल्याच भागात सिद्ध झालं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर महिलांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निकाल आला : एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

म्हणून रिपोर्ट फाईलमध्ये ठेवून देऊ नका. तो घेऊन स्त्रीरोग विभागात जा. सूरतमध्ये नवी सिव्हिल आणि महापालिकेचं स्मीमेर, दोन्हीकडे तो आहे. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणं, अंगावरून दुर्गंधी पाणी जाणं असेल, तर पुढच्या पाळीची वाट पाहू नका. डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा : सूज कशाने आली, आणि पुन्हा तपासणी कधी?