घरची युनिक्स लॅब आणि रीबूटची कसोटी

युनिक्स किंवा लिनक्स प्रशासनाच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी घरी उभारलेली लॅब म्हणजे एका संगणकात नांदणारे दोन-तीन संगणक. एकाच यंत्राची रॅम, डिस्क आणि प्रोसेसर वाटून घेणाऱ्या या संगणकांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यातले एक सर्व्हरचे काम करते, दुसरे त्याच्याकडून सेवा घेते. दोन्ही मोडली तरी मूळ संगणकाला काही होत नाही. कंपनीच्या चालू सर्व्हरवर पार्टिशन पुसून पाहण्याची मुभा शिकाऊ माणसाला कोणी देत नाही. घरच्या लॅबमध्ये ती रोज मिळते. बीड आणि अंबाजोगाईत शासकीय तंत्रनिकेतने आहेत, अंबाजोगाईत अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. मात्र पदविका किंवा पदवीनंतर पुण्यात खोली घेऊन महिनोन्‌महिने क्लास करणे बीड जिल्ह्यातल्या अनेक घरांना झेपत नाही. त्या मुलामुलींसाठी घरची लॅब हा सर्वांत स्वस्त आणि पक्का रस्ता आहे.

परीक्षा आणि प्रणाली

युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून घडू लागली. त्याच धर्तीवरच्या लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिला. आयबीएमची एआयएक्स ही युनिक्स प्रणाली पॉवर प्रोसेसरवर चालते, म्हणून घरच्या साध्या संगणकावर तिचा सराव होत नाही. फ्रीबीएसडी मोफत मिळते आणि घरच्या संगणकावर चालते. पण प्रमाणपत्राची वाट बहुतेकांना लिनक्सकडेच नेते.

तिथे दोन तऱ्हेच्या परीक्षा आहेत. एलपीआयसी-१ प्रश्नोत्तरांची आहे; तिच्यात दोन पेपर असतात. प्रत्येकी ६० प्रश्न आणि ९० मिनिटे. रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए परीक्षा पूर्ण प्रात्यक्षिक आहे. तीन तासांत चालू यंत्रांवर दिलेली कामे करून दाखवायची. ३०० पैकी २१० गुण मिळाले की उत्तीर्ण. इंटरनेट नसते, स्वतःच्या नोंदी नसतात. सोबतीला फक्त प्रणालीतच असलेली मॅन पेजेस, म्हणजे कमांडची माहिती देणारी पाने. शिवाय एक अट आहे: केलेली प्रत्येक रचना यंत्र रीबूट झाल्यावर, कोणी हात न लावता, जशीच्या तशी चालू राहिली पाहिजे. तयारीची सगळी दिशा या एका अटीने ठरते.

रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स वैयक्तिक वापरासाठी डेव्हलपर सबस्क्रिप्शनखाली १६ यंत्रांपर्यंत मोफत मिळते. सेंटओएस लिनक्स ८ हा तिचा मोफत जुळा अवतार २०२१ अखेर बंद झाला. त्याची जागा त्याच वर्षी आलेल्या अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स यांनी घेतली. सरावाला रेड हॅट, अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स तिन्ही चालतात. परीक्षा कोणत्या आवृत्तीवर आहे हे आधी पाहून तीच आवृत्ती घरी बसवावी.

यंत्राची निवड

नवा संगणक लागतच नाही. कार्यालयांतून निघालेला सेकंड हँड लॅपटॉप किंवा डेस्कटॉप पुरतो. फक्त त्यात ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी असावी. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला २ जीबी रॅम दिली तर दोन यंत्रे सुरळीत चालतात आणि मूळ प्रणालीलाही श्वास घ्यायला जागा उरते. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर दोन यंत्रे एकदम सुरू होताना संगणक अडखळतो. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी एसएसडीवर घालावेत.

प्रोसेसर मात्र पारखून घ्यावा लागतो. रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीला एव्हीएक्स-२ ही सोय असलेला प्रोसेसर लागतो. इंटेलने ती २०१३ च्या चौथ्या पिढीपासून दिली, पण नंतरच्याही अनेक सेलेरॉन आणि पेंटियम प्रोसेसरमध्ये ती नाही. दुकानात लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून ‘एलएससीपीयू’ ही कमांड चालवली की प्रोसेसरच्या सोयींची यादी समोर येते. अल्मालिनक्सने दहाव्या आवृत्तीचा जुन्या प्रोसेसरसाठी वेगळा संच काढला आहे, त्यामुळे जुने यंत्रही अगदीच वाया जात नाही. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय बंद असेल तर तो चालू करावा लागतो. व्हर्च्युअल मशीन चालवायला मूळ प्रणाली विंडोज असेल तर व्हर्च्युअलबॉक्स, लिनक्स असेल तर केव्हीएम.

वीज आणि इंटरनेट

बीड जिल्ह्यात लॅबचा आराखडा विजेपासून सुरू होतो. वाडी-वस्तीवरच्या घरांना शेतीच्या फीडरवरून वीज येत असेल, तर थ्री फेज पुरवठा पाळीपाळीने, ठरावीक तासच मिळतो. गावठाणाचा फीडर वेगळा झालेल्या गावांत स्थिती बरी असते. तरी वळवाच्या वाऱ्या-पावसात तार तुटली की तास-दोन तास जातातच. या बाबतीत लॅपटॉप डेस्कटॉपपेक्षा सरस, कारण त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. डेस्कटॉप घरातल्या इन्व्हर्टरवर टाकला तर वीज जाताक्षणी तो कधी कधी रीबूट होतो. इन्व्हर्टरला बदल करायला लागणारा क्षणभराचा वेळ संगणकाला सोसत नाही. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असेल तर ते लावावे, नसेल तर छोटा यूपीएस घ्यावा. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन यंत्रे चालवण्यापेक्षा पहाटेचा सराव यंत्राला आणि माणसाला दोघांनाही मानवतो.

इंटरनेटची गरज मुख्यतः एकदाच लागते. लिनक्स बसवायची पूर्ण डीव्हीडीची आयएसओ फाइल ८ ते १२ जीबीच्या आसपास असते आणि मोबाइलच्या रोजच्या डेटात ती एका दिवसात उतरत नाही. ‘डब्ल्यूगेट’ कमांडला ‘-सी’ जोडले की तुटलेले डाउनलोड जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते. मित्राकडून पेनड्राइव्हवर आणायची तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा; फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. हाती आलेल्या फाइलचा शा-२५६ चेकसम संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय इन्स्टॉलेशन सुरू करू नये.

ही मोठी फाइल घेण्याचे कारण पुढे कळते. तिच्यात बेसओएस आणि ॲपस्ट्रीम हे सॉफ्टवेअरचे दोन्ही साठे असतात. पहिल्या यंत्रावर ती माउंट करून वेब सर्व्हरमधून दुसऱ्या यंत्राला पुरवली, की एक एमबी डेटा न खर्चता हवे ते पॅकेज बसवता येते. असा साठा, म्हणजे रिपॉझिटरी, जोडणे हे परीक्षेतलेही काम आहे. इथे ते गरजेपोटीच अंगवळणी पडते.

दोन यंत्रांची जोडणी

इन्स्टॉलेशन ग्राफिकल डेस्कटॉपशिवाय, मिनिमल करावे. त्याने रॅम वाचते आणि हात कमांडला सरावतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेहमीच्या एनएटी जोडणीत यंत्रांना बाहेरचे जग दिसते, पण एकमेकांना ती दिसत नाहीत. म्हणून प्रत्येकाला होस्ट-ओन्ली प्रकारचे दुसरे नेटवर्क कार्ड द्यावे. पहिल्या यंत्रावर एनएफएसची सामायिक फोल्डर, वेळ जुळवणारी क्रोनी सेवा आणि पॅकेजचा साठा ठेवावा. दुसरे यंत्र सरावाचे. त्याला ५ जीबीच्या दोन कोऱ्या व्हर्च्युअल डिस्क जोडाव्यात. त्या जेवढ्या भरतील तेवढीच जागा घेतात. जुळणी पूर्ण झाली की दोन्ही यंत्रे बंद करून स्नॅपशॉट घ्यावा. पुढे काहीही मोडले तरी काही सेकंदांत इथवर परत येता येते. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो; म्हणून यंत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी ठेवावी.

सराव: चालू आणि टिकाऊ

लिनक्समध्ये बहुतेक बदलांना दोन रूपे असतात: आत्ता चालणारे आणि कायम राहणारे. ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट’ने सेवा आत्ता सुरू होते, ‘एनेबल’ केल्याशिवाय ती पुढच्या वेळी आपोआप उठत नाही. ‘आयपी’ कमांडने दिलेला पत्ता रीबूटमध्ये उडतो, ‘एनएमसीएलआय’ने जोडणीत लिहिलेला टिकतो. फायरवॉलचा नियम ‘परमनंट’ न लावता घातला तर तो फार तर रीबूटपर्यंतच टिकतो. एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेचे बूलियन ‘-पी’शिवाय बदलले तर तेही गेले. वापरकर्त्याच्या नावाने चालणाऱ्या कंटेनर सेवेला ‘लिंगर’ दिले नाही, तर त्या वापरकर्त्याने लॉगिन करेपर्यंत ती सुरूच होत नाही.

डिस्कच्या कामात टिकाऊपणाची ही अट सर्वांत कडक होते. कोऱ्या डिस्कवर फिजिकल व्हॉल्यूम, त्यावर व्हॉल्यूम ग्रुप, त्यातून लॉजिकल व्हॉल्यूम आणि शेवटी एक्सएफएस फाइल सिस्टिम, असा क्रम असतो. एक्सएफएस वाढवता येते, लहान करता येत नाही. म्हणून आकार आधीच विचार करून ठरवावा. मग ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये यूयूआयडीसह एक ओळ लिहावी लागते. त्या ओळीत एक अक्षर चुकले तरी यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये अडकून बसू शकते. रीबूटआधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ आणि ‘माउंट -ए’ चालवण्याची सवय त्यापासून वाचवते. तरीही ही चूक मुद्दाम करून यंत्र दुरुस्त करण्याचा सराव करावाच, कारण परीक्षेत न उठणारे यंत्र म्हणजे त्यावरची सगळी कामे वाया. विसरलेला रूट पासवर्ड बूटच्या वेळी बदलणे आणि त्यानंतर एसईलिनक्सची लेबले नव्याने लावून घेणे हेही असेच वारंवार करावे.

प्रत्येक बैठकीचा क्रम ठरलेला असावा: कोऱ्या स्नॅपशॉटवर परत जाणे, कामांची यादी घड्याळ लावून पूर्ण करणे, रीबूट करणे आणि मगच तपासणे. तपासणीची छोटी शेल स्क्रिप्ट स्वतः लिहिली तर स्क्रिप्टिंगचाही अभ्यास होतो. अडले तर आधी मॅन पेज उघडावे, मोबाइल नव्हे. अधूनमधून बंद पडणारी वीजही इथे उपयोगी पडते: वीज परतल्यावर यंत्र सुरू केले आणि माउंट, सेवा, पत्ता, फायरवॉल सगळे जागेवर सापडले, तर काम खरोखर झालेले असते.

परीक्षेचा दिवस

आरएचसीएसए घरूनही देता येते. त्यासाठी रेड हॅटच्या लाइव्ह यूएसबीवरून संगणक सुरू करावा लागतो, बाहेरून जोडलेला वेबकॅम लागतो आणि परीक्षक पूर्ण वेळ पाहत असतो. तीन तास वीज आणि इंटरनेट अखंड राहील याची खात्री नसेल, तर मोठ्या शहरातल्या परीक्षा केंद्रावर जाणे शहाणपणाचे. प्रमाणपत्र ३ वर्षे वैध राहते.

अर्ज भरण्याची वेळ ओळखायला लॅबच पुरेशी आहे. कोऱ्या यंत्रापासून सगळी यादी, वही न उघडता, तीन तासांच्या आत पूर्ण होते आणि रीबूटनंतर एकही गोष्ट हाताने दुरुस्त करावी लागत नाही, असे सलग काही बैठकांत घडले की तयारी झाली.