मेसचं टेबल आणि तीन शास्त्रं

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो की आमच्या जुन्या सरांकडे एक चक्कर होतेच. यंदा सरांनी चहा संपायच्या आतच काम लावलं. "परवा बारावीच्या पोरांचा जादा तास आहे. तू इंजिनिअर होतोयस, काहीतरी सांग त्यांना."

मी मनातल्या मनात सीईटी, कॅप राउंड, ब्रँच कशी निवडावी असं भाषण जुळवून गेलो. वर्गात शिरल्यावर कळलं की ही आर्ट्सची तुकडी! एकालाही सीईटी द्यायची नव्हती. सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि मिशीत हसले. म्हणजे त्यांना माहीत होतं.

"विषय कुठले रे तुम्हाला?" मी वेळ काढण्यासाठी विचारलं. समाजशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास, भूगोल. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "दादा, आम्हाला टक्के पडले नाहीत म्हणून आम्ही इकडं. ह्याचा उपयोग काय असतो?"

वायवाला एक्स्टर्नलने पहिलाच प्रश्न सिलॅबसबाहेरचा विचारावा तसं झालं. पण नशीब, सहाव्या सेमला आम्हाला ह्युमॅनिटीजची एक इलेक्टिव्ह होती. ती आम्ही का घेतली होती हे इथल्या वाचकांना सांगायला नको (पेपर सोपा, जर्नल नाही). तरीही त्या अख्ख्या वर्षातलं डोक्यात राहिलेलं जे काही आहे ते तिच्यातलंच आहे. खडू उचलला आणि फळ्यावर तीन शब्द लिहिले: मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र. "सांगा, काय असतं ह्यात?"

पहिलं म्हणजे वेड्यांचं शास्त्र. दुसरं म्हणजे समाजसेवा. तिसऱ्याला एकजण म्हणाला, "माकडाचा माणूस कसा झाला ते." हसू नका, माझीही उत्तरं इलेक्टिव्ह घेण्याआधी हीच होती. तिसरं तर अगदीच चूक नाही, उत्क्रांती हा मानवशास्त्राचा एक भाग आहेच. पण तेवढंच नाही.

व्याख्या सांगून काही होणार नव्हतं. म्हणून मी त्यांना मेसची गोष्ट सांगितली, आणि सांगायला लागल्यावर कळलं की ही मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

फर्स्ट इयरला आमच्या विंगमधे एक मुलगा होता. आमच्याच भागातला, उदगीरकडचा. मेसमधे मावशींनी "लवकर ये रे" म्हटलं की तो म्हणायचा, "येलालो की." झालं. दोघातिघांनी ते "येलालो" उचललं. मग बाथरूमच्या रांगेत येलालो, टीव्ही रूममधे येलालो, रात्री त्याच्या दारावर थाप मारून येलालो. मारहाण नाही, काही नाही. टेबलावरची सगळी हसायची. मीही हसायचो. माझ्या घरीही "येलालो"च म्हणतात. पहिल्या सेमच्या शेवटी त्यानं हॉस्टेल सोडलं आणि गावात कॉट बेसिसवर खोली घेतली.

"आता सांगा," मी म्हणालो, "हे असं का झालं?"

वर्गाचं पहिलं उत्तर होतं, ती पोरं वाईट होती. असतील. पण टेबलावर आम्ही दहाबाराजण होतो, आणि बाकीचे काही वाईट नव्हते. इथं मानसशास्त्र सुरू होतं. सॉलोमन ॲश नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञानं १९५१ च्या सुमारास कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. एक रेघ दाखवायची, शेजारी तीन रेघा दाखवायच्या, आणि पहिलीएवढी कुठली ते विचारायचं. इतकं सोपं. फक्त खोलीतली बाकीची सगळी मुलं आधीच पढवलेली, ठरलेल्या वेळी एकसुरात चुकीचं उत्तर द्यायची. एकटं बसवून विचारलं तर जवळपास कुणी चुकत नव्हतं. पण ह्या घोळक्यात त्या बिचाऱ्या एकट्याची साधारण ३७ टक्के उत्तरं चुकली, आणि चारातले तीन जण निदान एकदा तरी घोळक्याच्या बाजूनं गेले.

मला राहवलं नाही. एका मुलाला ऑफिसातून डस्टर आणायला पाठवलं, तेवढ्यात सहाजणांना पढवलं आणि फळ्यावर रेघा मारल्या. तो आला. सहाजणांनी ठासून "ब" सांगितलं. तो फळ्याकडे बघून म्हणाला, "सगळे चुकलालेत. क आहे." वर्ग फुटला! माझा प्रयोग पार झोपला. पण ॲशच्या प्रयोगातही पावभर मुलं एकदाही बधली नव्हती, हा गडी त्यातला. मग एका मुलीला बाहेर पाठवून पुन्हा केलं. ती दोन क्षण थांबली आणि हळूच "ब" म्हणाली. का म्हणालीस? "मला वाटलं मी तिरकी बसलेय, म्हणून तसं दिसतंय." (दोन जणांवरून निष्कर्ष काढू नये हे आपल्याला स्टॅटिस्टिक्समधे शिकवलंय. पण तिचं ते वाक्य मी विसरणार नाही.)

ॲशनं पुढे काय केलं, तर घोळक्यातल्या एकालाच खरं उत्तर द्यायला सांगितलं. चुका एकदम खाली आल्या. एकच माणूस पुरतो. आणि तो नसेल तर काय होतं हे लातानं आणि डार्ली ह्या दोघांनी १९६८ मधे दाखवलं. फॉर्म भरत बसलेल्या मुलाच्या खोलीत भिंतीतून धूर सोडला. एकटा असताना चारातले तीनजण उठून सांगायला गेले. शेजारी दोघे पढवलेले ढिम्म बसून असताना दहातला एक गेला. बाकीचे धूर हातानं बाजूला करत फॉर्म भरत राहिले. माझ्या टेबलाचं ह्याहून चांगलं वर्णन मला करता येणार नाही.

इथं मागून सर म्हणाले, "पण येलालोलाच का हसले? पुण्याच्या भाषेला कुणी का नाही हसलं?"

सरांनी बरोबर नस पकडली. कारण ह्याचं उत्तर कुणा एकाच्या डोक्यात शोधून सापडत नाही. वर्गातल्या मुलांना विचारलं, शुद्ध मराठी कुठली? सगळ्यांनी पाठ्यपुस्तकातली सांगितली. आणि तुम्ही घरी बोलता ती? "गावठी." हे त्यांना जन्मतः माहीत नव्हतं, कुणीतरी, कुठल्या तरी वर्गात, लाल पेनानं शिकवलं. कुठली बोली वर्तमानपत्रात गेली, कुठली पुस्तकात, मुलाखतीला कुठल्या उच्चारांना मान मिळतो, ही सगळी समाजाची रचना आहे, आणि तिचा अभ्यास म्हणजे समाजशास्त्र. पिएर बोर्द्यू ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की घरातून मिळालेली भाषा आणि वागण्याची रीत हेही एक भांडवलच असतं. शाळा त्याला हुशारी समजते आणि मार्क देते. तो स्वतः एका दूरच्या खेड्यातला पोस्टातल्या नोकरदाराचा मुलगा होता, हे सांगितल्यावर मागच्या बाकांनी माना वर केल्या. आपल्याकडे हा विषय तसा जुना आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मधे निघाला, आणि नंतर तो ज्यांनी वाढवला ते गो. स. घुर्ये मूळचे मालवणचे.

आता तिसरा शब्द उरला. तो त्यांच्या सिलॅबसमधे नव्हता, म्हणून मुलं जरा सैलावली. ब्रोनिस्लॉ मॅलिनोव्हस्की म्हणून एक होता, जन्म पोलंडमधल्या क्रॅकोचा. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या राज्यात होतं. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तो ऑस्ट्रेलियात होता, म्हणजे कागदोपत्री शत्रूच्या मुलखातला नागरिक! संशोधनाची परवानगी मात्र मिळाली. मग न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर गावातच तंबू ठोकून, तिथली भाषा शिकून, तो १९१५ ते १९१८ ह्या काळात मिळून दोनेक वर्षं राहिला. तिथले लोक होडीतून जीव धोक्यात घालून बेटाबेटांवर शंखशिंपल्यांच्या माळा आणि कडी पोचवायचे. माळा एका दिशेनं फिरणार, कडी उलट दिशेनं. आलेली वस्तू कायमची ठेवून घ्यायची नाही, पुढे द्यायची. ह्याला कुला म्हणतात.

"येडेच की," कुणीतरी म्हणालं. मी विचारलं, तुमच्या घरून काकूंकडे फराळाचं ताट गेलं का? गेलं. ते रिकामं परत आलं का? छे, रिकामं कसं पाठवतील! चकल्या तर दोन्ही घरी होत्या, मग कशाला धाडल्या? वर्ग गप्प झाला आणि मग हसला. ताट आणि कुला एकच आहे असं नाही. पण बाहेरून येडेपणा वाटणारी गोष्ट आतल्या माणसाला काय वाटते, ते तिथं राहून समजून घ्यायचं, हे मानवशास्त्राचं काम.

आपल्या इरावती कर्वे ह्याच विषयाच्या. बर्लिनला त्यांचे मार्गदर्शक युरोपीय वंश श्रेष्ठ मानणारे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि त्या मापांतून तसं काही निघत नाही असं लिहिलं. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवताना त्या पंढरीच्या वारीतून चालत गेल्या आणि त्यावर लेख लिहिला. भजन एकत्र, वाट एक, पण दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंगती वेगळ्या, हे त्यात आहे. हे सांगताना मला आमची मेस दिसत होती. तिथंही भाजी एकाच पातेल्यातली, पण टेबलं कशी भरतात ते आज रात्री जरा बघा. ब्रँचप्रमाणे नाही भरत.

आणि मुलांना सर्वात नवल वाटलं ते हे, की डॉ. आंबेडकरांनी भारतातल्या जातींवरचा आपला निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचला तो मानवशास्त्राच्या सेमिनारमधे. वय वर्षं पंचवीस. गटानं आपल्यातच लग्नं करायची आणि दारं आतून लावून घ्यायची, जातीचं मूळ ह्यात आहे असं त्यांनी मांडलं. "मग हा विषय आम्हाला का नाही?" असं दोघांनी विचारलं. पुढे पुणे विद्यापीठात आहे, असं सांगितलं. तिन्ही विषय यूपीएससीला घेता येतात, हे सर मागून ओरडले. तेवढं मात्र सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं!

तास संपत आला होता. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीनं पुन्हा हात वर केला. "दादा, म्हणजे मानसशास्त्रानं तसं झालं, समाजशास्त्रानं तसं झालं. मग तुमची चूक नव्हती का?"

मी म्हणालो, होती. कारण सापडलं म्हणून माफी मिळत नाही, डस्टर आणणारा तो पोरगा बोललाच की. मग ती म्हणाली, "आणि तुम्ही का हसलात?" मी म्हणालो, मला भीती होती की पुढचा नंबर माझा लागेल. तिनं मान डोलावली. जणू एवढंच हवं होतं.

सुट्टीवरून परत आल्यावर प्रॅक्टिकलला तो भेटला. आम्ही एकाच बॅचला आहोत, तीन वर्षं जर्नलची देवघेवही आहे. कँटीनला नेलं आणि जे इथं लिहिलंय ते सगळं अडखळत सांगितलं. माझ्या घरीही तसंच बोलतात, हेसुद्धा.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

कसं? मी तर घरचा फोन गच्चीवर जाऊन घ्यायचो, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"रात्री दहाला. 'काय करलालीस गं आई' म्हणायचास. मी टाकीच्या पलीकडं बसलेलो असायचो. मीही घरी तिथूनच फोन करायचो."