क्लच गेला नाही, दिसेनासा झाला

सायंकाळी सातच्या सुमारास पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर किंवा मुंबईच्या पश्चिम द्रुतगती महामार्गावर मोटार चालवणाऱ्याचा डावा पाय किती वेळा क्लच दाबतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. तो गुडघा ठेवतो. लहान मोटार घेताना ‘या वेळी ऑटोमॅटिकच घेऊ’ असे बहुतेक घरांत म्हटले जाते, ते यामुळेच. मात्र, त्यापुढचा प्रश्न सहसा विचारला जात नाही : कोणती ऑटोमॅटिक?

देशात लहान मोटारींना ही सोय पूर्वी नव्हती, असे नाही. मारुतीची झेन, ह्युंदाईची सँट्रो आणि पुढे आय१० या गाड्यांना ऑटोमॅटिकचा पर्याय उपलब्ध होता. किंमत जास्त आणि पेट्रोलचा खर्चही जास्त, त्यामुळे ग्राहक तिकडे फारसा फिरकला नाही. चित्र पालटले ते फेब्रुवारी २०१४ मध्ये. मारुतीने सेलेरिओ बाजारात आणली आणि तिच्यात एएमटी, म्हणजे ‘ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन’, बसवले. लिटरमागे २३.१ किलोमीटर हा प्रमाणित मायलेजचा आकडा साध्या आणि ऑटोमॅटिक अशा दोन्ही सेलेरिओंचा एकच होता. मायलेजवर जीव असलेल्या ग्राहकाची मोठी शंका त्याने मिटली. त्यानंतर अल्टो के१०, रेनॉची क्विड, टाटाची टियागो अशी रांगच लागली. मारुती या यंत्रणेला एजीएस म्हणते, इतर कंपन्यांची नावे निराळी असतात. आतला प्रकार तोच.

हा प्रकार नेमका काय, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. एएमटीमध्ये गिअरबॉक्स नेहमीचाच असतो आणि क्लचप्लेटही नेहमीचीच. बदल इतकाच, की क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम पाय आणि हात यांच्याऐवजी संगणकाच्या हुकमावर चालणारी यंत्रणा करते. म्हणूनच ती स्वस्त पडते. साध्या गाडीपेक्षा सर्वसाधारणपणे ४५ ते ६० हजार रुपये जादा मोजले, की काम भागते. पायाखालचे क्लचचे पेडल नाहीसे होते, क्लच मात्र जागेवरच असतो, आणि तो झिजतोही.

नव्या मालकांची चूक होते ती येथेच. उड्डाणपुलाच्या चढावर वाहने थांबली, की ब्रेकवर पाय न ठेवता ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवायची, अशी सवय अनेकांना लागते. ऑटोमॅटिक आहे, तर तेवढे चालायचेच, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात त्या वेळी क्लच अर्धवट जोडलेल्या स्थितीत घासत राहतो, तापतो आणि वेळेआधी निकामी होतो. क्लच हा झिजणारा भाग मानला जात असल्याने वॉरंटीत त्याला सहसा मर्यादितच संरक्षण मिळते. चढावर थांबताना ब्रेक दाबून ठेवावा, निघताना ब्रेक सोडून लगेच ॲक्सिलरेटर द्यावा, हाच उपाय. चढावरून निघताना गाडी मागे घरंगळू नये यासाठी ‘हिल होल्ड’ची सोय आता अनेक लहान गाड्यांत मिळते; ती निवडलेल्या मॉडेलमध्ये आहे ना, हे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. मोठ्या ऑटोमॅटिक गाड्यांत असणारे ‘पी’, अर्थात पार्किंगचे स्थान बहुतेक एएमटी गाड्यांत नसते. गाडी ‘एन’मध्ये ठेवून हँडब्रेक नीट न ओढता उतरणे उतारावर महागात पडू शकते. हँडब्रेक पूर्ण ओढून, गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करणे हिताचे. घाट उतरतानाही ‘डी’वर विसंबण्यापेक्षा मॅन्युअल पर्याय वापरून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे ब्रेकवरचा ताण कमी होतो.

गिअर बदलताना बसणारा हलका झोका ही एएमटीची जुनी तक्रार. नव्या गाड्यांत तो कमी झाला असला, तरी गेलेला नाही. ओव्हरटेक करताना तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग धावते. एकपदरी रस्त्यावर समोरून ट्रक येत असताना तो क्षण लक्षात ठेवावाच लागतो.

ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी सीव्हीटी आहे. दोन कप्प्या आणि त्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा अशी तिची रचना. गिअरचे टप्पेच नसल्याने झोकाही नाही. निसानच्या मॅग्नाइटमध्ये ती मिळते, पण किमतीतील फरक लाखाच्या घरात जातो. वीजेवर चालणाऱ्या टियागो ईव्हीसारख्या गाडीत तर बदलायला गिअरच नसतात. तेथे प्रश्न उरतो तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय होईल का, एवढाच. अर्थात, तो प्रश्न काही सोसायट्यांत गिअरबॉक्सपेक्षा अवघड ठरतो!

जुनी गाडी घेणाऱ्याने अधिक सावध असावे. मारुती बलेनोची ऑटोमॅटिक २०२२ पूर्वी सीव्हीटीची होती. त्या वर्षीच्या नव्या आवृत्तीपासून तेथे एजीएस आले. नाव एकच, यंत्रणा निराळी. म्हणून जाहिरातीतील ‘ऑटोमॅटिक’ या शब्दावर न थांबता उत्पादनाचे वर्ष पाहावे आणि क्लच बदलला आहे का, याची सर्व्हिसच्या कागदपत्रांवरून खात्री करावी.

नव्या गाडीच्या टेस्ट ड्राइव्हसाठी शोरूमचा प्रतिनिधी बहुधा मोकळ्या, सपाट रस्त्यावर नेतो. तेथे सगळ्याच ऑटोमॅटिक गाड्या सारख्या वाटतात. त्याऐवजी सायंकाळची वेळ मागून घ्यावी, गाडी जवळच्या उड्डाणपुलावर न्यावी आणि चढाच्या मध्यावर दोन-तीनदा थांबवून पुन्हा काढावी. इमारतीच्या तळघरात पार्किंग असेल, तर तो चढही चढवून पाहावा. रोज तोच चढायचा असतो.