एल्फांची प्रतिज्ञा

राक्षसाची गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली असते. राक्षस बाहेरून येतो, गाव ओसाड पाडतो आणि शेवटी कोणी राजपुत्र त्याला ठार करतो. आज मी ज्या ग्रंथाविषयी बोलणार आहे, त्यातही एक भयंकर शत्रू आहे. पण तो ग्रंथ वाचून खाली ठेवला की मनात निराळाच प्रश्न राहतो. शत्रूने घर पाडले हे खरे. पण आधी ते फोडले कुणी?

हा ग्रंथ म्हणजे जे. आर. आर. टोल्किन यांचा ‘द सिल्मरिलियन’. टोल्किन हे ऑक्सफर्डचे भाषेचे प्राध्यापक. त्यांचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ साली तीन खंडांत निघाला. ‘सिल्मरिलियन’ मात्र त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १९७७ साली, चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी संपादून प्रसिद्ध केला. त्याची घडण कादंबरीपेक्षा आपल्या पुराणांच्या वळणाची आहे.

यातले एल्फ म्हणजे बालगीतांतल्या चिमुकल्या पऱ्या नव्हेत, बरं का! ते माणसासारखेच उंच, देखणे, कलावंत आहेत. त्यांना म्हातारपणाने मृत्यू येत नाही. शस्त्राने मात्र येतो. त्यांच्यातला सर्वांत कुशल कारागीर फेआनोर. देवभूमीत दोन प्रकाशवृक्ष होते, एक रुपेरी नि एक सोनेरी. त्यांचा प्रकाश त्याने तीन रत्नांत साठवला. हीच ती सिल्मरिल.

पुढे मेल्कोर या दुष्ट शक्तीने एका अजस्र कोळ्याच्या साहाय्याने ते वृक्ष मारले. देवांनी फेआनोरला विनविले, “रत्ने दे, त्यांतल्या प्रकाशाने वृक्ष पुन्हा जगवता येतील.” तो म्हणाला, “नाही.” गंमत बघा, त्याच वेळी मेल्कोरने त्याच्या बापाला मारून रत्ने पळवलीही होती! म्हणजे ‘हो’ म्हटले असते तरी वृक्ष वाचणार नव्हते. पण टोल्किन सुचवितात की त्याने ‘हो’ म्हटले असते, तर त्याची पुढची कृत्ये कदाचित निराळी झाली असती.

संतापलेल्या फेआनोरने चोराला ‘मॉर्गोथ’, म्हणजे काळा शत्रू, असे नाव दिले आणि सात पुत्रांसह शपथ घेतली: रत्न ज्याच्या हाती दिसेल, तो देव असो की आप्त, त्याला सोडायचे नाही. प्रतिज्ञा म्हटली की आपल्याला भीष्म आठवतात. तिचे ओझे पुढच्या पिढ्यांनी वाहायचे असते हेही आठवते. येथे तेच घडले. पहिले रक्त सांडले ते जहाजांसाठी, आपल्याच भाऊबंदांचे. तेथे मॉर्गोथचा एकही सैनिक नव्हता! पुढे बेरेन आणि लूथिएन यांनी मॉर्गोथच्या लोखंडी मुकुटातून एक रत्न काढून आणले. ते ज्या एल्फ-राज्यात राहिले, त्यावर फेआनोरचेच पुत्र चालून गेले. डोंगरांत दडलेले गोंडोलिन नगर पडले, तेही राजाच्या सख्ख्या भाच्याच्या फितुरीने.

गोंडोलिनची कथा टोल्किन यांनी फार आधी लिहिली. १९१६ साली ते सोमच्या रणभूमीवर होते. तेथून खंदकतापाने आजारी होऊन परतले आणि त्या आजारपणाच्या काळात ही कथा उतरली. त्या महायुद्धात त्यांचे जिवलग मित्र गेले. तरीही मॉर्गोथ म्हणजे अमुक राष्ट्र, असा हिशेब मांडू नये. तसली रूपके त्यांना आवडत नसत.

शेवटी देवांची सेना येते, मॉर्गोथ हरतो. उरलेली दोन रत्ने फेआनोरचे दोन पुत्र चोरून नेतात. पण हातात घेताच हात होरपळतात! कारण पापी हाताला ती सोसू नयेत असाच त्यांना वर होता. एकजण रत्नासह अग्नीच्या दरीत उडी घेतो, दुसरा आपले रत्न समुद्रात भिरकावून देतो. तिसरे तेवढे आकाशात तारा होऊन राहते.

“हे आमचे आहे” या एका वाक्यासाठी त्यांनी सारे आयुष्य लढाई केली, आणि हाती आले तेव्हा ते त्यांचे राहिले नव्हते. शत्रू मोठा होता खरा. पण त्याचे निम्मे काम एल्फांनी स्वतःच करून ठेवले होते, इतके ध्यानात ठेवून हा ग्रंथ वाचावा.