वेल्स आणि फार्गो यांच्या सह्यांचे कागद

वेल्स फार्गो हे नाव आज बँकेचं म्हणून ओळखलं जातं. पण हेन्री वेल्स आणि विल्यम फार्गो या दोघांच्या सह्या एकाच कागदावर हव्या असतील, तर जुन्या शेअर सर्टिफिकिटांचे संग्राहक वेल्स फार्गोचा कागद शोधत बसत नाहीत. तो दुर्मिळ आणि महाग. ते शोधतात अमेरिकन एक्स्प्रेसचं १८६०च्या आसपासचं सर्टिफिकेट. त्यावर अध्यक्ष म्हणून वेल्स, सेक्रेटरी म्हणून फार्गो आणि खजिनदार म्हणून अलेक्झांडर हॉलंड अशा तिघांच्या, दौतीत टाक बुडवून केलेल्या सह्या सापडतात. हा हॉलंड म्हणजे कंपनीचे आणखी एक संस्थापक जॉन बटरफिल्ड यांचा जावई.

भिंग घेऊन असा कागद बघण्यासारखा असतो. पोलादी पत्र्यावर कोरून छापलेल्या रेघा इतक्या बारीक, की हाताने त्यांची नक्कल करायला बसणारा थकून जावा. नकली सर्टिफिकिटं रोखण्यासाठीच ते काम तसं केलेलं असे. बोट फिरवलं तर छापलेली शाई किंचित उंच लागते. भागधारकाचं नाव आणि शेअरची संख्या मात्र कारकुनाच्या तिरक्या अक्षरात. लोखंडयुक्त शाईने काही ठिकाणी कागद खाल्लेला असतो. १८६२ ते १८७२ या काळातला कागद असेल तर त्यावर २५ सेंटचा रेव्हेन्यू स्टॅम्प दिसतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी सरकारने बसवलेला तो कर. ज्या युद्धामुळे तिथे हा स्टॅम्प चिकटला, त्याच युद्धाने अमेरिकी कापूस अडकला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि बॅकबेचा समुद्र बुजवायला निघालेल्या कंपनीच्या शेअरसाठी मुंबईने वेड लावून घेतलं. १८६५ साली युद्ध संपलं आणि मुंबईचा तो डोलारा कोसळला. त्या साली फार्गो बफेलो शहराचे महापौर होते.

वेल्स आणि फार्गो ज्या एक्स्प्रेस धंद्यात, म्हणजे पाकिटं-पार्सलं पोचवण्याच्या कामात होते, तो उभा राहिला एका पिशवीवर. १८३९ साली विल्यम हार्नडेन नावाचा तरुण बॉस्टन ते न्यूयॉर्क रेल्वेने आणि आगबोटीने ये-जा करू लागला. हातात एक गालिच्याच्या कापडाची पिशवी, तिच्यात व्यापाऱ्यांची पाकिटं, नोटा, छोटी पुडकी. आपल्याकडच्या अंगडियाची आठवण व्हावी असंच हे काम: माल दुसऱ्याचा, जोखीम आपली आणि भांडवल म्हणाल तर फक्त पत. पुढच्याच वर्षी ॲल्विन ॲडम्स त्याच मार्गावर उतरले. जड पार्सलं टपाल खातं घेत नसे, त्यामुळे या लोकांना मैदान मोकळं होतं.

ॲडम्सच्या कंपनीने काय काय वाहून नेलं याचा एकच दाखला पुरे. मार्च १८४९ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरातून हेन्री ब्राउन या गुलामाने स्वतःला लाकडी पेटीत बंद करून घेतलं आणि ती पेटी ॲडम्स एक्स्प्रेसने फिलाडेल्फियाच्या गुलामगिरीविरोधी मंडळींकडे रवाना झाली. वाटेत काही काळ तो डोक्यावर उलटा होता. सुमारे २७ तासांनी पेटी उघडली तेव्हा आतून एक स्वतंत्र माणूस बाहेर आला. पेटीत काय आहे हे कंपनीला ठाऊक नव्हतं. पेटी न उघडता पोचवायची एवढाच तिचा धर्म होता. ॲडम्स एक्स्प्रेसचं जुनं सर्टिफिकेट हातात आलं की मला आधी ही पेटी आठवते, लाभांश नंतर.

१८५० साली बफेलोमध्ये वेल्स, फार्गो आणि बटरफिल्ड या तीन प्रतिस्पर्ध्यांनी आपापल्या पेढ्या एकत्र करून अमेरिकन एक्स्प्रेस काढली. कॅलिफोर्नियात सोनं निघालं होतं, तिथवर हातपाय पसरावेत असं वेल्स आणि फार्गो यांचं म्हणणं. बटरफिल्ड आणि इतर संचालक राजी होईनात. तेव्हा या दोघांनी १८५२ साली त्या कामासाठी वेगळी कंपनी काढली, तीच वेल्स फार्गो.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट चित्रात नाही, मजकुरात आहे. अमेरिकन एक्स्प्रेस आणि ॲडम्स एक्स्प्रेस या आजच्या अर्थाने मर्यादित कंपन्या नव्हत्या. त्या जॉइंट स्टॉक असोसिएशन होत्या. शेअर विकता येत, हस्तांतर करता येत, पण कायद्याच्या नजरेत भागधारक जवळजवळ भागीदारच. कंपनी बुडाली आणि देणी उरली तर घेणेकऱ्यांचा हात भागधारकाच्या घरापर्यंत पोचू शकत होता. म्हणजे ज्याने हा देखणा कागद विकत घेतला, त्याने नफ्याबरोबर जबाबदारीही विकत घेतली होती. रेल्वे कंपन्यांची सर्टिफिकिटं चित्रांनी अधिक सजलेली असतील, पण मालकी म्हणजे काय याचा इतका उघड करार त्यांत नसतो.

जबाबदारी आली तसा नफाही भरपूर आला. वेल्स फार्गोने १९१० साली ३०० टक्के लाभांश दिला. पार्सलच्या दरांनी आधीच वैतागलेले शेतकरी आणि छोटे दुकानदार त्याने आणखी चिडले. १ जानेवारी १९१३ रोजी सरकारी टपालाची पार्सल सेवा सुरू झाली, पुढच्याच वर्षी युनायटेड स्टेट्स एक्स्प्रेस या आणखी एका कंपनीने गाशा गुंडाळला आणि १९१८ साली महायुद्धाच्या निकडीत उरलेल्या मोठ्या कंपन्यांचा एक्स्प्रेस व्यवसाय सरकारने एकाच कंपनीत गोळा केला. अमेरिकन एक्स्प्रेसकडे मनीऑर्डर आणि ट्रॅव्हलर्स चेक होते म्हणून ती तरली. ॲडम्स एक्स्प्रेसची गुंतवणूक कंपनी झाली. पार्सलाशी काडीचा संबंध नसताना तिने ते नाव २०१५पर्यंत चालवलं.

जुन्या मजकुराची खरी कसोटी मात्र १९६३ साली लागली. न्यू जर्सीतल्या टाक्यांमध्ये खाद्यतेल असल्याच्या पावत्या अमेरिकन एक्स्प्रेसच्या गोदाम कंपनीने दिल्या होत्या. टाक्यांत बरंचसं पाणी निघालं. कर्ज देणाऱ्या बँका आणि व्यापारी दारात उभे राहिले. अमेरिकन एक्स्प्रेस तेव्हाही जॉइंट स्टॉक असोसिएशनच होती, त्यामुळे आपल्या खिशाला चाट बसेल का, या धास्तीने भागधारक शेअर विकू लागले. भाव जवळपास निम्म्यावर आला. वॉरन बफे यांनी त्याच पडझडीत मोठी खरेदी केली, ती गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. भागधारक का घाबरले होते, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. १९६५ साली अमेरिकन एक्स्प्रेसने अखेर रीतसर कॉर्पोरेशनचं रूप घेतलं आणि शंभरावर वर्षांची ती जबाबदारी कागदावरून उतरली.

असे जुने कागद जमवण्याच्या छंदाला संघटित रूप आलं ते १९७०च्या दशकात. लंडनमध्ये इंटरनॅशनल बाँड अँड शेअर सोसायटी १९७८ साली स्थापन झाली. आपल्याकडे डीमॅटनंतर घराघरांतल्या कपाटांत शेअर सर्टिफिकिटं पडून आहेत. ती बघताना जे तपासावं तेच या अमेरिकी कागदांतही: कागद रद्द झालेला आहे का, सही शाईची आहे की छापील, घडीवर फाटला आहे का. रद्द करताना पाडलेली भोकं किंवा मारलेले काट हा दोष समजू नये, कारण शेअर हस्तांतर झाला की जुना कागद असाच बाद करत. भोक नेमकं सहीवर पडलं असेल तर किंमत घटते, एवढंच. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आम्लविरहित पाकिटात सपाट ठेवावा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने १८६०च्या दशकातलं, स्टॅम्प शाबूत असलेलं अमेरिकन एक्स्प्रेसचं रद्द सर्टिफिकेट घ्यावं असं माझं मत आहे. सर्टिफिकिटावरून फक्त वेल्स किंवा फार्गो यांची सही कापून सुंदर चौकटीत बसवलेली मिळाली, तर ती कितीही स्वस्त असो, घेऊ नये. कापणाऱ्याने भागधारकाचं नाव, शेअरची संख्या, स्टॅम्पवरची तारीख आणि मागच्या बाजूचं हस्तांतर हे सगळं फेकून दिलेलं असतं आणि तो शेअर कोणी, किती जोखमीने घेतला होता हे त्या तुकड्यावरून कोणालाच कळणार नाही.