टेबलावरचं यंत्र केळीच्या बागेत जाताना

मुक्ताईनगर, रावेर, यावल हा सगळा केळीचा पट्टा. केळीला पाणी लागतं आणि उन्हाळ्यात तर एक पाळी चुकलेलीही तिला सोसत नाही. विहिरीला पाणी असलं तरी मोटार चालते ती विजेच्या वेळेवर. शेतीच्या फीडरला थ्री फेज लाईन आलटून पालटून मिळते, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन, साप-किरडू पाहत, मळ्यापर्यंत जायचं आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं.

पुण्याचे विद्युत अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या ऐंशी ओलांडलेल्या आजोबांना असंच मोटारीसाठी रात्री शेतात जाताना पाहिलं होतं. पुढे त्यातूनच ‘नॅनो गणेश’ तयार झालं. स्टार्टरला जोडलेलं हे यंत्र मोबाईलवरून चालतं. घरून फोन लावायचा आणि अंकांचा कोड दाबायचा, की मोटार सुरू होते किंवा बंद. तिथे वीज आहे की नाही, तेही फोनवरच कळतं. त्यांच्या ओसियन अ‍ॅग्रो ऑटोमेशन या कंपनीनं ते बाजारात आणलं, नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं आणि आज अशा मोबाईल स्टार्टरचे कितीतरी प्रकार मिळतात.

फोनचं बटण दाबल्यावर मोटारीला ते कळतं कसं, हेच मुळात थक्क करणारं आहे. १ दाबला की ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजतात. प्रत्येक बटणाची अशी स्वतःची जोडी ठरलेली असते. बोलण्याच्या आवाजात नेमकी तीच जोडी, तेवढ्याच जोरात आणि तेवढाच वेळ सहसा येत नाही. म्हणून खरखरीतूनही एक छोटी चिप अंक अचूक वेचते आणि रिले ओढते. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलं हे सर्किट सुटीत टेबलावर जुळवतात आणि ते चालतंही.

मला मात्र खरं नवल वाटतं ते त्यानंतरच्या प्रवासाचं. टेबलावर एक यंत्र चालणं वेगळं, आणि तसंच हजारावं यंत्र मे महिन्यात मुक्ताईनगरच्या पत्र्याच्या पेटीत चालणं वेगळं.

आधी रेंजचं बघू. यंत्रातला टू-जी मोबाईल सलग प्रसारण करत नाही. सेकंदाला सुमारे २१७ वेळा, दर वेळी अर्ध्या मिलिसेकंदाहून जरा जास्त वेळ तो बोलतो आणि गप्प होतो. जुन्या रेडिओजवळ फोन ठेवल्यावर येणारी टिरटिर ती हीच. टॉवर जवळ असला तर तो कुजबुजतो, लांब असला तर ओरडतो. पुण्यातल्या टेबलावर त्याला कुजबुजून भागतं. टॉवरपासून दूरच्या दाट बागेत पाण्यानं भरलेली पानं लहरी शोषतात, तिथे त्याला पूर्ण जोर लावावा लागतो. त्या अर्ध्या मिलिसेकंदात तो दोन अँपिअरपर्यंत करंट खेचतो. बोर्डावरची तांब्याची वाट अरुंद असेल किंवा कपॅसिटर या मोबाईलच्या मॉड्यूलपासून लांब बसवला असेल, तर व्होल्टेज कोसळतं आणि यंत्र स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतं. शेतकरी म्हणतो, ‘फोन लागतो, पण मोटार चालू होत नाही.’ तेच यंत्र दुरुस्तीला पुण्याला आलं की ठणठणीत! वाट रुंद करणं आणि कपॅसिटर दोन सेंटिमीटर अलीकडे आणणं हाच उपाय असतो, पण तो सापडेपर्यंत महिने जातात.

मग ऊन. बाहेर ४५ अंश असताना उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत ६५ अंश सहज होतात. बोर्डावरच्या नळकांड्यासारख्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि उष्णतेनं तो हळूहळू उडून जातो. अभियंत्यांचा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. ज्याच्यावर ८५ अंश आणि २००० तास लिहिलंय, तो ६५ अंशांत ८००० तास टिकेल, म्हणजे सतत चालू राहिला तर वर्षसुद्धा नाही. १०५ अंशांचा घेतला तर हिशेब ३२,००० तासांवर जातो, साडेतीन वर्षांच्या वर. किमतीत थोडासाच फरक, पण खरेदीच्या यादीतली ती एक ओळ ठरवते, की पुढच्या उन्हाळ्यात बाग वाळणार की नाही. याशिवाय वीज पडल्यावर तारेतून येणारा झटका आहे, उबेला येणाऱ्या मुंग्या आणि पाली आहेत. त्यांच्यासाठी झटका शोषणारा व्हॅरिस्टर, बोर्डावर लाखेसारखा लेप आणि वायरीच्या भोकांना रबरी ग्लँड.

एवढं झालं की आराखडा कारखान्यात जातो. भोसरीच्या एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक सदन नावाच्या इमारती आहेत, अशी कामं करणारे छोटे उद्योग तिथे आहेत. जोडणीची सुरुवात फ्रीजपासून होते. सोल्डर पेस्ट, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूचे डोळ्यांना न दिसणारे गोळे आणि चिकट फ्लक्स, थंड ठेवावी लागते. बाहेर काढल्यावर डबा काही तास तसाच ठेवायचा. घाईनं उघडला तर हवेतलं बाष्प तिच्यावर धरतं आणि भट्टीत ते फुटून धातूचे थेंब उडतात. स्टीलच्या पातळ पत्र्यातल्या खिडक्यांतून ती पेस्ट बोर्डावर ओढतात. मग यंत्राचा हात मिलिमीटरभर लांबीचे रेझिस्टर हवेच्या ओढीनं उचलून झपाट्यानं जागेवर ठेवत जातो.

पुढे भट्टी. शिसं नसलेलं नेहमीचं सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळतं, आकडा योगायोगानं मोबाईलच्या त्या ठोक्यांचाच! वितळलेल्या धातूवर रेझिस्टर तरंगतो आणि थोडा वाकडा बसलेला असला तर पृष्ठताण त्याला ओढून सरळ करतो. कुणाचा हात न लागता भाग आपापल्या जागी सरकतात. काचेतून हे पाहताना माझा श्वास रोखला जातो.

पण तोच पृष्ठताण उलटतोही. रेझिस्टरचं एक टोक तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेलं असेल तर पट्टा उष्णता पिऊन घेतो आणि ते टोक उशिरा वितळतं. तोवर दुसऱ्या टोकाचा धातू ओढ घेतो आणि रेझिस्टर चक्क उभा राहतो. हातानं सोल्डर करताना हा दोष कधीच दिसला नसता. म्हणून आराखडा परत टेबलावर येतो, दोन्ही टोकांना सारखं तांबं दिलं जातं आणि पट्ट्याकडचा जोड बारीक केला जातो. माझ्या मते यंत्राचा खरा जन्म या येण्याजाण्यात होतो.

भट्टीतून निघालेला बोर्ड स्प्रिंगच्या टाचण्यांच्या जिगवर दाबतात. व्होल्टेज, रिले, सिग्नल, सगळं काही सेकंदांत तपासून होतं. आता हजार बोर्ड अगदी एकसारखे आहेत, आणि नेमकं तेच धोक्याचं आहे. लाईन गेली आणि परत आली, की ऑटोवर असलेली ही सगळी यंत्रं एकाच क्षणी मोटारी सुरू करतील. थेट सुरू होणारी मोटार पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, दहा मोटारींनी एकदम तो मागितला तर डीपी जळालीच म्हणून समजा. त्यामुळे पेटीत जाण्यापूर्वी प्रत्येक बोर्डाला त्याचा क्रमांक द्यायला हवा आणि त्याबरोबर लाईन आल्यावर थांबायचे वेगवेगळे सेकंद. कुणाला चाळीस, कुणाला पंचाण्णव, तर शेजारच्या मळ्यातल्याला एकशे दहा.